बसा, तोवर मागचं चाक काढतो

माणूस गेला की त्याच्या वस्तू हळूहळू घराबाहेर जातात आणि त्याचे किस्से घरात यायला लागतात. माझा मोठा भाऊ दिगूदादा गेला, तेव्हा तेरा दिवसांत नांदेडच्या त्याच्या ओसरीवर इतके किस्से जमले, की ठेवावेत कुठे हे कळेना. मास्तर गेला तर लोक "फार सज्जन होते" म्हणतात आणि उठतात. मिस्त्री गेला तर प्रत्येक जण आपल्या गाडीपासून सुरुवात करतो!

मी सगळ्यांचं ऐकत होतो. लोकांना वाटायचं, भावाचं दुःख आहे, म्हणून ऐकतोय. ते होतंच. पण मला एक गाडी शोधायची होती. ते आधी सांगतो.

बुधवार होता. मी लातूरला एका शाळेत भूगोल शिकवतो. सहामाहीचे पेपर तपासून द्यायचा शेवटचा दिवस होता. सकाळी साडेदहाला दादाचा फोन आला.

दादाचं गॅरेज नांदेडला, देगलूर नाक्याजवळ. काम एकच, गाडीचा मागचा भाग. मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी कवच म्हणजे हौसिंग, त्यातले डिफरन्शियल, क्राऊन-पिनियन, चाकाचे शाफ्ट. भंगारातल्या गाडीचं काढायचं, चालत्या गाडीला बसवायचं. इंजिनाला तो हात लावत नसे. "पुढचं बघायला गाव पडलंय, आपण मागचं बघू," म्हणायचा. वही ठेवणं त्याला जमलं नाही. काही लक्षात ठेवायचं असलं की तो मला फोन करायचा. "सुधा, ध्यानात ठेव, शुक्रवारी लोह्याच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग." मग शुक्रवारी मी त्याला आठवण करून द्यायची. वीस वर्षं हेच चाललं होतं. लातूरच्या भूगोलाच्या मास्तरला नांदेड जिल्ह्यातली निम्मी बेअरिंगं पाठ होती.

त्या दिवशी तो म्हणाला, "सुधा, एक चूक करून ठेवलीय मी. काल एका काळीपिवळीच्या शाफ्टला टाका मारून दिलाय. आठ दिवसांनी बोलवलंय त्याला, नवा शाफ्ट टाकायला. पुढच्या बुधवारी आठवण कर. अन् रशीदला सांगू नको, तो माझं तोंड बघणार न्हाई."

"बरं."

"लई महत्त्वाचं हाय. गाडी कोणाची म्हणशील तर..."

तासाची घंटा झाली. मी म्हणालो, "दादा, वर्गावर जायचंय. संध्याकाळी बोलू."

"हाव, जा जा. पोरं खोळंबली असतील."

दुपारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसलो. मेथीची भाजी होती. फोन सायलेंटवर होता, त्यावर रशीदभाईंचे सात मिसकॉल दिसले. रशीदभाई म्हणजे दादाचे भागीदार, गॅरेज काढलं तेव्हापासूनचे. मी फोन लावला.

"गुरुजी, दिगू गेला."

"कुठं गेला?" मी विचारलं.

 मग रशीदभाई म्हणाले, "चहा पीत टायरवर बसला होता. कप हातातच राहिला."

डबा तसाच झाकला. उरलेल्या तीन पेपरांची बेरीज केली, गठ्ठा कपाटात ठेवला आणि स्टँडवर गेलो. बेरीज का केली, हे मला अजून सांगता येत नाही.

*

मातीच्या दिवशी मला काहीच आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येत होतो, तेव्हा पुढे एक काळीपिवळी, म्हणजे शेअर जीप, चालली होती. आत पंधरा माणसं कोंबलेली, दोघं मागे लोंबकळत. मागच्या चाकावर गाडी एका बाजूला कललेली. ते चाक बघितलं आणि बुधवारचा फोन जसाच्या तसा कानात आला.

टाका म्हणजे काय, ते मला रशीदभाईंच्याच एका किश्श्यातून माहीत होतं. त्यांनी तो त्या दिवशी पुन्हा सांगितला. मी विचारलंही नव्हतं. दादाच्या अंगणात पाय धुता धुता त्यांना आपणहून आठवला.

औशाहून एक जण जीप घेऊन आला होता. मागच्या चाकाचा आवाज येतो म्हणाला. दादानं शाफ्ट ओढून काढला. जीपमध्ये चाक या शाफ्टवरच असतं आणि बेअरिंग जागेवर धरायला शाफ्टवर एक लोखंडी कडी गच्च बसवलेली असते. ती कडी ढिली झाली तर शाफ्ट बदलावा लागतो. कोणीतरी तो न बदलता कडीला वेल्डिंगचा टाका मारून दिला होता.

दादानं विचारलं, "हे कोण केलं?"

"गावातल्या वेल्डरनं. काय झालं? चांगलं पक्कं हाय की!"

दादा उठला. शाफ्ट उचलला, ऐरणीवर आडवा ठेवला आणि घण मारला. एकच. टाक्याच्या जागी शाफ्टचे दोन तुकडे झाले. उसाचं कांडं मोडावं तसे!

"पक्कं हाय ना? लोखंड भाजलं की कडक होतं, अन् कडक झालं की तुटतं. हे चाक शाफ्टासकट निघून पळालं असतं. तुझ्या पुढं पळालं असतं अन् तू मागून बघत बसला असता."

मग गॅरेजच्या पत्र्यावर त्यानं खडूनं लिहिलं, 'इथे टाका मारून मिळणार नाही.' नंतर ते ऑइलपेंटनं रंगवून घेतलं.

हे सांगून रशीदभाई रुमालानं पाय पुसायला लागले. तेव्हा मी त्यांना फोनचं सांगितलं. दादानं सांगू नको म्हटलं होतं. पण सांगितलं.

"झूठ," रशीदभाई म्हणाले.

"मी कशाला खोटं बोलू?"

"तुम्ही न्हाई गुरुजी. तुम्हाला ऐकायला चूक झाली. दिगू अन् टाका? हो ही नहीं सकता."

मंगळवारी रशीदभाई लातूरला होते, भंगारातलं एक हौसिंग आणायला. त्या दिवशी गॅरेजात दादा एकटाच होता. हे त्यांनाही माहीत होतं. ते उठले, चप्पल न घालता तसेच गॅरेजवर गेले. अर्ध्या तासानं परत आले आणि ओसरीच्या कडेला बसले.

"मशीनला नवी वेल्डिंगची कांडी लावून ठेवलेली हाय," ते म्हणाले. "मी जाताना मशीन झाकून गेलो होतो."

*

मी म्हणालो, स्टँडवर जाऊ आणि ओरडून सांगू, मंगळवारी ज्यानं शाफ्टचं काम केलं त्यानं गाडी घेऊन यावं.

"अन् कामून म्हणून विचारलं तर काय सांगणार? दिगू मिस्त्रीनं टाका मारला?" रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. "ज्या पत्र्यावर तेनं लिहिलं, तेच्याच खाली बसून? तेरा दिवस तरी होऊ द्या गुरुजी. मी शोधतो."

मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं. सोयाबीनचा सीझन होता, एकेका काळीपिवळीत वीस-वीस मजूर बायका शेतावर जात होत्या.

दादाच्या फोनमध्ये शोधलं. एकोणतीस नंबर नुसत्या 'जीप' नावानं होते! मी एकेक लावत गेलो. कोणी लागले, कोणी नाही, एक तर किनवटचा कोंबडीवाला निघाला. "गाडी बरी आहे ना?" असं विचारलं की लोक म्हणायचे, "बरी हाय की. तुम्ही कोण? इन्शुरन्सवाले का?"

मग रशीदभाईंनी आपली पद्धत सुरू केली.

पहिले सापडले हिमायतनगरचे मारोतराव. साठीचे, आयुष्यभर काळीपिवळी चालवलेले. ते भेटायला आले, ओसरीवर टेकले, डोळे पुसले आणि किस्सा सुरू केला.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा आणि रशीदभाई धंद्यात नवे. मारोतरावांच्या जीपला मागचं हौसिंग मिळेना, म्हणून या दोघांनी वेगळ्याच बनावटीच्या गाडीचं आणलं. ते सरळ बसेना, तर उलटं करून बसवलं! दिवसभर खपून, घासूनपुसून, बोल्ट आवळून दादा म्हणाला, "हाणा मारोतराव, फस्ट टाका."

मारोतरावांनी फर्स्ट टाकला. जीप मागे गेली आणि चहाच्या टपरीचं बाकडं घेऊन थांबली.

दादा म्हणाला, "रिव्हर्स पडला असंल. नीट टाका."

सेकंड टाकला. जीप आणखी जोरात मागे! थर्ड टाकायला मारोतरावांची छाती झाली नाही. शेवटी रिव्हर्स टाकून बघितला, तेव्हा कुठे गाडी पुढे आली. चार गिअर मागे जायला आणि एक पुढे यायला!

"मी म्हणलो, मिस्त्री, हिमायतनगर सत्तर किलोमीटर हाय. आता मी गावाला तोंड करून जाऊ का पाठ करून? तर दिगू म्हणतो कसा, 'कशीबी जा मारोतराव, पण पॅसिंजरला आधीच सांगा, की डायवर पाठमोरा हाय!'"

ओसरीवर सगळे हसले. मारोतरावही हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. तेवढ्यात अंगणातून जॅकचा आवाज आला. रशीदभाई त्यांच्या गाडीखाली जॅक लावत होते.

"ए रशीद, काय करून राहिला?"

"काही न्हाई, बसा. तोवर मागचं चाक काढतो."

"कामून?"

"दिगूच्या नावानं फुकट चेकिंग हाय. तेरा दिवस."

मारोतरावांचा शाफ्ट स्वच्छ निघाला.

*

बातमी सगळीकडे गेली. दिगू मिस्त्रीच्या घरी भेटायला गेलं की रशीद चाक काढतो! दोन दिवसांत काळीपिवळीवाल्यांची रांग लागली. त्यांतले काही दादाला ओळखतही नव्हते. एक जण तर अंगणात गाडी लावून सरळ म्हणाला, "मयत कोण झालंय ते म्हायीत न्हाई, पण माझं डाव्या बाजूचं बघा."

वहिनी खिडकीतून बघायच्या. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी रशीदभाईंना हाक मारली.

"भाईजान, तुमचं अन् यांचं काय चालायचं ते मला कधीच कळलं नाही. पण माणूस गेल्यावर अंगणाचं गॅरेज करू नये."

"भाभी, आणखी चार दिवस."

वहिनींनी मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, पायरीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःच एक किस्सा सांगितला.

लातूरची तीन तरुण पोरं एक जुनी जीप घेऊन आली होती. डोंगरात, चिखलात गाड्या घालायचा त्यांना नाद. त्यांना डिफरन्शियलला लॉकर पाहिजे होता. दादाकडे एका ठोकलेल्या पिकअपचा होता. तो जेवायला घरी आला, तर पोरंही मागोमाग घरी. दादानं त्यांना ताटावरूनच समजावलं. साध्या गाडीत वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीनं पळू देतो. पण चिखलात तेच नडतं. एक चाक नुसतं गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. लॉकर टाकला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. दोन्ही सारखी ओढतात, गाडी निघते.

"अन् संसारातबी लॉकरच पाहिजे बघा," दादा भाकरी मोडत म्हणाला. "नवरा-बायको सारखे ओढले की कसलाबी चिखल असो, गाडी बाहेर!"

पोरांनी माना डोलावल्या. वहिनी चुलीपाशी होत्या. तिथून म्हणाल्या, "आणि चिखल संपला की तो लॉकर सोडायचा असतो, नाहीतर वळणावर टायर बोंबलतात! हे पण सांगा त्यांना!"

दादाला ठसका लागला. पाणी द्यायला पोरांनाच उठावं लागलं.

सांगताना वहिनी हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. हसणं संपलं तरी त्या तशाच पायरीवर बसून होत्या. मग आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी रशीदभाईंनी उरलेल्या गाड्या गॅरेजवर नेऊन त्यांची चाकं काढली.

*

त्याआधी बुधवार येऊन गेला होता. दादानं सांगितलेला, आठवण करायचा. मी सकाळपासून गॅरेजात जाऊन बसलो. वाटलं, आठ दिवसांनी बोलावलंय म्हणजे माणूस आपणहून येईल. साडेदहा वाजले. वीस वर्षांची सवय, हात आपसूक फोनकडे गेला आणि दादाचा नंबर लागलासुद्धा.

"हॅलो," वहिनींनी उचलला. "काय भाऊजी?"

"काही नाही वहिनी. चुकून लागला."

संध्याकाळपर्यंत दोन काळीपिवळ्या आल्या. एकीचा ब्रेक जाम होता, दुसरीला पत्ता विचारायचा होता.

*

दहाव्याला औशाकडचे विठ्ठलराव आले. पांढरा सदरा, टोपी हातात. पिकअप घेऊन आले होते. चहा नको म्हणाले. टोपी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून बोलायला लागले.

त्यांचा मुलगा पिकअप चालवायचा. लातूर-सोलापूर रस्त्यावर अपघातात गेला. गाडीचा पुढचा भाग राहिलाच नव्हता. उरलेलं भंगारात गेलं. कुठे गेलं, ते त्यांनी बघितलं नाही. वर्षभरानं त्यांच्या दुसऱ्या पिकअपचं हौसिंग फुटलं. कोणीतरी सांगितलं, नांदेडला दिगू मिस्त्रीकडे मिळेल. आले. दादानं आतून एक हौसिंग ओढत आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"खाली तेल सोडायचं बूच होतं ना सर, ते त्या गाडीचं न्हवतं. नळाच्या पायपाचं होतं. ओरिजनल हरवलं म्हणून मीच बसवलं होतं, पोराच्या गाडीला. बोटानं चाचपून बघितलं. तेच."

त्यांनी दादाला विचारलं, "हे कुठून आणलं?"

दादानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचं का?"

"पोराचं."

दादानं हौसिंग परत आत ओढायला सुरुवात केली. "दुसरं बघतो. दोन दिवस थांबा, मी स्वतः आणतो."

"मी म्हणलो, नको मिस्त्री. तेचं तेल मीच बदलत होतो. चांगलं हाय. बसवा."

दादानं त्या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. एकट्यानं बसवलं. एरवी काम झालं की ट्रायल तोच घ्यायचा, गिऱ्हाइकाला चावी देत नसे. त्या दिवशी त्यानं चावी विठ्ठलरावांच्या हातात दिली आणि बाजूला सरकला.

"अजून चालून राहिलंय," विठ्ठलराव म्हणाले. "आवाज न्हाई."

मी पिकअपकडे बघितलं. रशीदभाई तिच्याजवळ उभे होते. त्यांच्या हातात पाना होता, पण तो त्यांनी पाठीमागे धरला होता.

*

तेराव्याला जेवणाच्या पंगती चालू असताना उमरीचा बालाजी आला. तिशीतला, नव्या शर्टातला. एसटीनं आला होता. वाढता वाढता रशीदभाईंनी सवयीनं विचारलं, "काळीपिवळी कुठाय तुमची?"

"विकली की! तेच सांगणार होतो. मिस्त्रींनी माझ्यावर लई उपकार केले बघा." बालाजीनं भात कालवला आणि सांगायला लागला. "त्या मंगळवारी माझ्या गाडीत बहीण होती, दिवस भरलेली. दवाखान्यात न्यायची, अन् नाक्यावर येऊन चाक डगमगायला लागलं. मिस्त्री म्हणले, शाफ्ट बदलावा लागंल, उद्या येईल. मी म्हणलो, उद्या काय करू? पाय धरले त्यांचे. ते लई वेळ गाडीकडं बघून राहिले, मग बहिणीकडं बघितलं. म्हणले, 'वीसच्या वर पळवू नको. हिला पोचव, गाडी घरी लाव, अन् आठ दिवसात इथं आण.' बहिणीला पोरगी झाली! बेस हाय दोघी."

पंगतीतले लोक "वा वा" म्हणाले. मी वाढायचं थांबलो होतो.

रशीदभाईंनी हळू आवाजात विचारलं, "मग आणली कामून न्हाईस?"

"शनिवारीच गिऱ्हाईक आलं ना! देगलूरच्या पुढचं. दिगू मिस्त्रीच्या हातचं काम हाय म्हणलो, तर तेनं गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं न्हाई."

"शाफ्टचं सांगितलं तेला?"

"ते कामून सांगू? गाडी तर मस्त पळून राहिली होती!"

रशीदभाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. हात धुतले. परत येऊन बालाजीसमोर उभे राहिले.

"नाव. गाव. फोन. आत्ता."

*

फोन लागत होता, कोणी उचलत नव्हतं. आम्ही दादाची जीप काढली, मागच्या बाकावर नवा शाफ्ट ठेवला आणि निघालो. नायगाव, देगलूर, तिथून पुढे तेलंगणाच्या शिवेला लागून एक गाव. समोरून काळीपिवळी आली की रशीदभाई वेग कमी करून तिची नंबरप्लेट वाचायचे. 

गाडीचा नवा मालक गंगाधर. घरी त्याची आई होती. म्हणाली, शेतावरून बायका आणायला गेलाय, येईल आता. आम्ही गावाच्या तोंडाशी जाऊन लिंबाखाली उभे राहिलो. ऊन उतरायला लागलं होतं. लांबून धुरळा दिसला. रशीदभाई रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

जीप थांबली. आत बायका, टपावर बायका, विळे, डबे. मी अठरापर्यंत मोजल्या.

"उतरा. सगळ्या उतरा."

"कामून? कोण तुम्ही?" गंगाधर ओरडला.

"आधी उतरवा, मग सांगतो."

बायका कुरकुरत उतरल्या. रशीदभाईंनी तिथेच, रस्त्यावर, जॅक लावला. उजवं चाक काढलं, स्वच्छ होतं. डावं काढलं, शाफ्ट ओढला, पोत्यावर ठेवला आणि फडक्यानं पुसला. टाका होता. टाक्याला लागून केसाएवढी चीर, शाफ्टच्या निम्म्या घेराला गेलेली. रशीदभाईंनी तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

गावातून माणसं जमली. गंगाधरची आईही आली. चीर तिला दाखवायची गरज पडली नाही, रस्त्यावर उभ्या बायका एकमेकींना धरून तीच बघत होत्या. त्यांत तिची सून होती, कडेवर मूल घेतलेली.

"कोण केला हे काम?" म्हातारीनं विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या आधी रशीदभाई बोलले.

"मी."

"तुझ्या घरी लेकरंबाळं न्हाईत?"

"हायेत अम्मा."

"मग लाज न्हाई वाटली तुला?"

रशीदभाईंनी हात जोडले. ते तेलानं काळे झाले होते.

गंगाधर पुढे आला. त्यानं रशीदभाईंची कॉलर धरली आणि मग, बहुधा त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून, सोडली. "आम्हाला दिगू मिस्त्रीचं नाव सांगितलं होतं. तेचं काम म्हणून डोळे झाकून गाडी घेतली मी. अन् तू, तू हात मारला काय तेच्या नावावर?"

"दिगू तेव्हा गॅरेजात न्हवता," रशीदभाई म्हणाले. "तो असता तर हा टाका लागलाच नसता."

कोणीतरी मला विचारलं, "अन् हे कोण?"

"हे गुरुजी हायेत. माझ्यासंगं आले, बस्स."

मी तिथेच उभा होतो. पाना माझ्याच हातात होता. रशीदभाईंनी तो मागितला, मी दिला. त्यांनी नवा शाफ्ट बसवला, चाक लावलं, नट आवळले आणि गाडी खाली घेतली. बायका चढल्या नाहीत. चालत गेल्या.

देगलूर, मुखेड, बिलोलीकडच्या काळीपिवळ्या आता आमच्या गॅरेजात येत नाहीत. रशीद टाका मारतो, असं तिकडे झालं आहे. रशीदभाई रोज सकाळी शटर उघडतात आणि बसून राहतात. मी दर रविवारी लातूरहून जातो. गंगाधरचा नंबर माझ्याकडे आहे. तो टाका माझ्या भावानं मारला होता, हे त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.